उरलासुरला रंग

आईंनी बॅग भरल्याचं आम्हाला कळलं ते रविवारी सकाळी, टोस्टवर लोणी फासता फासता.

"मी ताईकडे राहायला जातेय," त्या म्हणाल्या. "ती आज येणारच आहे, तिच्याबरोबरच निघेन म्हणते."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू."

आमच्या घरात 'बघू' हा शब्द चांगल्या बातमीसाठी कोणी वापरत नाही. माझे सासरे, अण्णा, रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणाले की समजायचं, तो रंग या जन्मी येत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जॅमच्या बरणीकडे पाहिलं. मी उठून सासूबाईंच्या खोलीत डोकावले. पलंगावर मोठी बॅग होती आणि बॅगेशेजारी शिलाई मशीन, कव्हर घालून, वरून नाडी बांधून. चार दिवसांच्या पाहुणचाराला कोणी शिलाई मशीन घेऊन जात नाही. आई कायमच्या निघाल्या होत्या.

दोष कोणाचा, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो हॉलच्या भिंतीवर होता आणि त्याला चोची होत्या.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर पांढऱ्या खोलीत, पांढऱ्या कोटात, लोकांच्या पिवळ्या दातांकडे बघत उभी असते. त्यामुळे अण्णा गेल्यावर वर्ष उलटलं आणि मला जे रंगाचं वेड लागलं त्याला वैद्यकीय कारण आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. त्या वेडाच्या ऐन भरात भिंगरी आमच्या घरात शिरली. भिंगरी म्हणजे आमची इंटिरियर डिझायनर. खोलीच्या मधोमध उभी राहून ती स्वतःभोवती गरकन फिरायची आणि थांबेल तिथे बोट दाखवून म्हणायची, "इथे काहीतरी घडलं पाहिजे!" आणि मग, "घराने बोललं पाहिजे!" हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. पण पाठ केलेलं वेळेवर आठवलं असतं तर काय हवं होतं!

घर बोलायला लागलं ते थांबेचना. हॉलच्या भिंतीवर केळीच्या पानांत बसलेले पोपट, एकेक पोपट कोंबडीएवढा. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा गालिचा, त्यावरून चालताना शेजारचे काका भिंत धरतात. बिबट्याच्या ठिपक्यांची एक खुर्ची, तिच्यात बसायला कोणी धजत नाही. आणि मधोमध सोनेरी गेंडा, वासराएवढा, पाठीवर दिव्याची शेड घेऊन उभा. हा आमचा स्टेटमेंट पीस. "स्टेटमेंट द्यायला तो चौकीत जाणार आहे का?" नवऱ्याने विचारलं होतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. गेंड्याचं म्हणाल, तर माझ्या नडगीवर त्याच्या शिंगाचा कायमचा व्रण आहे.

सगळ्यात धाडसी कागद मात्र मी पाहुण्यांच्या संडासात लावला. गडद निळ्या जंगलातून चालत जाणारे नारिंगी वाघ, चारही भिंतींवर. भिंगरी म्हणाली, हा खरा बैठकीच्या खोलीचा कागद. पण माझं शौर्य दाराला कडी असेल तिथेच जास्त चालतं.

त्याआधी या घराला एकच रंग होता. त्याला नाव नव्हतं, म्हणून सगळे त्याला उरलासुरला म्हणत. दुकान खाली, घर वर. चुकीचा मिसळलेला डबा, गिऱ्हाइकाने परत आणलेला, तळाशी राहिलेला, सगळं अण्णा दुकानामागच्या पिंपात ओतत आणि पिंप भरलं की घर रंगवत. पोपटी ओता, गुलाबी ओता, आकाशी ओता, पिंपातून दर वेळी एकच निघायचा, भिजलेल्या उंदराचा रंग. "रंगवाल्याने स्वतःच्या घराला विकाऊ रंग लावू नये," अण्णा म्हणायचे. आई काही म्हणायच्या नाहीत. म्हणून सगळ्यांची पक्की खात्री होती की आईंना साधंच आवडतं.

आणि मी काही अगदीच दगड नाही. आईंची खोली मी वगळली. "ती नंतर," मी भिंगरीला सांगितलं, "तिथे हात लावायचा नाही." त्यांचा उरलासुरला त्यांना राहू दिला. या समंजसपणाचं मला इतकं कौतुक होतं की दवाखान्यात दाताखाली कापूस धरून बसलेल्या पेशंटांनाही मी ते सांगायचे. त्यांना मधे बोलता येत नसे, हा त्यातला फायदा.

एवढं करूनही आई निघाल्या होत्या. मला भडभडून आलं. मी दवाखाना काढला तेव्हा पहिल्या दिवशी चिटपाखरू आलं नव्हतं. तेव्हा दुपारी आई जिना चढून आल्या, खुर्चीत बसल्या आणि न दुखणारी दाढ दाखवून म्हणाल्या, "बघ गं, कळ येते." त्या बाईला मी गेंडा आणून घराबाहेर काढत होते.

*

ताई आली ती धाकट्या दिराच्या गाडीतून. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, आता निवृत्त झाली आहे. इस्पितळ सुटलं, मेट्रन सुटली नाही. धाकटा रेडिओवर बातम्या वाचतो. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला ठाम मत आहे. प्रत्यक्षात जो शेवटचं बोलेल त्याचं मत ते त्याचं मत.

आईंनी दारातच चपला घातल्या. "लेकीकडे जायचं तर जरा माणसात येऊन जाते," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये केस कापायला निघून गेल्या. दार लागलं तशी ताईने पर्स गेंड्याच्या पाठीवर ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"वहिनी, मी आता स्पष्टच बोलते."

"ताई, तुम्ही कधी अस्पष्ट बोललात?"

"आई दिवसाकाठी किती वेळ संडासात असते?"

"बराच," मी कबूल केलं. "अर्धा अर्धा तास. मीच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना."

"तिच्या खोलीतल्या?"

"नाही. पाहुण्यांच्या."

ताईने भावांकडे पाहिलं. इस्पितळात डॉक्टरांकडे रिपोर्ट सरकवताना ती असंच बघत असणार. "घ्या! स्वतःचं सोडून बाहेरच्या संडासात जाऊन बसते. लपते ती. माणसाच्या मनाला त्रास झाला की तो आधी पोटावर येतो. आणि का नाही येणार? मला इथे दहा मिनिटं झाली, माझंच डोकं गरगरायला लागलंय. साध्या बाईला या सर्कशीत कोंडलंत तुम्ही."

"ताई म्हणते त्यात तथ्य आहे," धाकटा म्हणाला.

"भावोजी, गेल्या महिन्यात तुम्ही या गेंड्याबरोबर फोटो काढून घेतलात!"

"तेही खरंच आहे, वहिनी. देखणा आहे तो."

"तुम्ही काहीतरी बोला ना," मी नवऱ्याला म्हटलं.

नवरा गालिच्याच्या एका पट्टीवर नजर लावून बसला होता. "काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण मला विचारशील, तर मला आधीचंच बरं वाटायचं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्याने माझ्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं. पोपट आणले तेव्हा 'छान', बिबट्या आणला तेव्हा 'वेगळं आहे', गेंड्याच्या वेळी तो चौकीचा विनोद. मला वाटलं होतं, हा माझ्या बाजूला आहे. तो नुसता गप्प होता, आणि मी त्याच्या गप्प बसण्यावर माझी बाजू उभी केली होती.

"जरा तो संडास बघू दे मला," ताई म्हणाली.

*

आतमध्ये काय झालं ते मी पाहिलं नाही. पण या घराण्यात कोणाच्याही तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे सगळं ज्याचं त्याच्याकडून मला कळलंच.

ताईने दिवा लावला आणि ती दचकून मागे सरली. चहूबाजूंनी वाघ. मग तिला खिडकीच्या कट्ट्यावर चष्म्याचं घर दिसलं, आईंचं. आणि कमोडच्या झाकणावर एक उशी होती, आईंनीच शिवलेली. संडासात उशी! ताईचा जीव गलबलला. झाकणावर उशी ठेवून आपली आई इथे दार लावून बसते, या विचाराने ती स्वतःच त्या उशीवर बसली.

ताईने आपल्या घरातली खोली महिन्याभरापासून तयार ठेवली होती. पांढरा पलंग, पांढरे पडदे, उशाशी हाक मारायला घंटी. निवृत्तीनंतर त्या घरात कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. वॉर्डातल्या सगळ्या घंट्या कानात राहिल्या होत्या आणि वाजत एकही नव्हती. ताईला आई हवी होती. आईला पोटाचा त्रास असेल तर आणखीच हवी होती, कारण मग तिला काहीतरी करता आलं असतं. समोरच्या वाघाकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली. बसून बरं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला आणि ती ताडकन उठून बाहेर आली.

"उशी ठेवलीय तिने तिथे," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "उशी, वहिनी!"

ही उशी मी रोज पाहत होते. मला वाटत होतं, तीही सजावटीतलीच. मी कोसळलेच.

"काढून टाकते सगळं," मी म्हणाले. "पोपट, बिबट्या, सगळं. घर होतं तसं करू. आई येण्याच्या आत सुरुवात तरी करू, म्हणजे त्यांना दिसेल."

नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला ते टोचलंच. "पिंप अजून आहे खाली," तो म्हणाला आणि जिन्याकडे पळाला. पन्नाशीचा माणूस, गुडघे कुरकुरतात म्हणून एरवी दूध आणायला जात नाही.

*

दुकान रविवारी बंद असतं. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पिंप होतं. अण्णा गेल्यापासून नवऱ्याने त्यात काही ओतलं नव्हतं आणि ते टाकूनही दिलं नव्हतं. माल ठेवायला जागा नाही म्हणून तो रोज ओरडायचा आणि पिंपाला वळसा घालून जायचा. त्याने झाकण उचकटलं, वरची साय काठीने बाजूला केली आणि ढवळायला लागला. तळापासून वर आणायचं, घाई करायची नाही, असं अण्णांनी शिकवलं होतं. तळातून एकदा पिवळी रेघ वर आली, एकदा जांभळी, आणि दोन्ही त्या उंदराच्या रंगात विरघळून गेल्या. हे अण्णांनी ओतलेले शेवटचे डबे होते. नवरा तिथे वाकून ढवळता ढवळता रडला. हे त्याने मला फार नंतर सांगितलं, तेही पाठ फिरवून. मी त्याच्या वडिलांचा रंग घराच्या भिंतींवरून पुसला होता आणि त्याने मला 'छान' म्हटलं होतं.

त्याच वेळी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये आई आरशासमोर बसल्या होत्या. सलूनवालीने नेहमीसारखी वेणी सोडवली, नेहमीसारखी टोकं छाटायला कात्री उचलली.

"नेहमीचंच ना, आजी?"

"नेहमीचं कोण म्हणालं?" आई म्हणाल्या. "तू मला कधी विचारलंस?"

सलूनवाली हबकली. "मग काय करू?"

"तुझे आहेत तसे कर." सलूनवालीचे केस कानापर्यंत आखूड होते आणि कपाळावर बट. "तसेच. आणि मध्ये मध्ये विचारू नकोस, नाहीतर माझा धीर जाईल."

*

इकडे वर तीन भावंडांत जुंपली होती. नवऱ्याने बादलीभर रंग आणला होता, पण ताईने त्यात बोट बुडवलं आणि नाक मुरडलं. "हा नाही. आपल्या घराचा हिरवट होता."

"हिरवट? करडा होता, ताई!" नवरा म्हणाला. "मी रंगाचा धंदा करतो!"

"मला तर चहासारखा आठवतो," धाकटा म्हणाला. त्याचं पहिल्यांदाच स्वतःचं मत निघालं आणि ते कोणालाच नको होतं.

"आईच्या खोलीत आहे ना खरा, चला बघू," ताई म्हणाली.

तिघं आईंच्या खोलीत घुसली. खिडकीजवळची भिंत उन्हाने उडून चहासारखी झाली होती. कोपऱ्यात ओल होती, तिथे हिरवट दिसत होती. नवऱ्याने कपाट पुढे ओढलं आणि मागचा चौकोन दाखवून म्हणाला, "हा! हा खरा!" तो करडा निघाला. मग पलंग सरकवला. बॅग खाली आली, शिलाई मशीन दारात आलं. आपण जिच्यासाठी हे करतोय तिचीच खोली विस्कटतोय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मी मशीन ओलांडून त्यांना ब्रश नेऊन देत होते. रंगवाल्याची तीन मुलं तीन वाट्यांत तीन रंग कालवून हॉलमध्ये आली आणि आपापला उरलासुरला पोपटांवर फासून बघायला लागली.

"लांबून बघ, लांबून! वाळला की उतरेल."

"माझा जास्त जवळचा आहे."

"वहिनी, तूच सांग, कोणाचा?" ताईने विचारलं.

मला तिघांचेही सारखेच दिसत होते. पण एवढी वर्षं मी त्या घरात बाहेरची म्हणून बसले होते आणि पहिल्यांदा मला पंच केलं होतं. म्हणून मी डोळे बारीक करून गंभीर चेहरा केला.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

आई दारात उभ्या राहिल्या. आधी त्यांनी बादली पाहिली, मग आम्हाला, मग भिंत. एका पोपटाचं डोकं गेलं होतं, दुसऱ्याची शेपटी, तिसरा पुरताच बुडाला होता.

"पोपटांवर चिखल कोणी फासला?"

"आई, अगं तुझ्यासाठीच," ताई म्हणाली. "तुला नको होते ना ते?"

"मी कधी म्हणाले?"

"म्हणाली नाहीस, पण तू कुठे काय म्हणतेस!"

"तुम्ही कुठे काय विचारता!" आईंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "हा वरचा, बुडालेला, तो माझा होता. रोज कॉफी पिताना मी त्याच्याकडे बघायचे. थोबाड तुझ्या अण्णांसारखं होतं त्याचं."

धाकट्याने वाटी हळूच पाठीमागे लपवली.

"मग तुम्ही जाताय कशाला?" मी ओरडलेच. हातातल्या ब्रशमधून गालिच्यावर टिपूस पडत होतं. "आई, मी हे सगळं काढायला निघालेय. तुम्ही जाऊ नका, एवढंच म्हणणं आहे माझं. मला तुमच्याशिवाय करमणार नाही. खरंच नाही करमणार!"

आई आत आल्या. बिबट्याच्या खुर्चीत बसल्या. ज्या खुर्चीत बसायला कोणी धजत नव्हतं तिच्यात त्या पाय वर घेऊन बसल्या, आणि सवय असल्यासारख्या बसल्या.

"अगं, तू गेंड्याला जागा केलीस," त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "पाहुण्यांच्या संडासाला वाघ दिलेस. पायपुसण्यालासुद्धा नक्षी आणलीस. एकेक खोली रंगत रंगत येत होती, मी बघत होते. म्हटलं, आता माझी पाळी. आणि तू माझ्या दारापाशी येऊन थांबलीस. त्या भिंगरीला म्हणालीस, आईंची खोली नंतर. मी आतच होते."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, आई. तुमचं होतं ते तुम्हाला राहू द्यावं म्हणून..."

"नंतर म्हणजे कधी गं?"

उत्तर आम्हा चौघांनाही माहीत होतं. मी ते मनातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. पण आईंच्या खोलीतून आई कुठे जाणार होत्या, की नंतर ती खोली रिकामी होईल? मी समंजस, मी समजूतदार, मी कापूस धरलेल्या पेशंटांना सांगत फिरणारी. मला इतकी लाज वाटली की मी बादलीशेजारीच खाली बसले.

"म्हटलं, कोणाला वाट बघायला लावण्यापेक्षा आपणच उठावं," आई म्हणाल्या. "ताईकडे निदान सगळीकडे एकच रंग. पांढरा तर पांढरा. सगळ्यांना सारखा."

"मग ती उशी?" ताईने विचारलं. "संडासातली?"

"वाघ बघायला बसते मी. झाकण टोचतं."

"म्हणजे पोट..."

"पोटाला काय धाड भरलीय! तुझ्यापेक्षा साफ आहे."

आधी धाकटा हसला. बातम्यांच्या आवाजात हसला, म्हणून जास्तच विचित्र वाटलं. मग आम्ही सगळेच सुटलो. मी हसत होते आणि रडत होते, आणि नाक पुसायला उचललेल्या हाताने उरलासुरला तोंडभर झाला. ताई मात्र नीट हसली नाही. ती पर्स उचलायला गेंड्याकडे वळली आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस माझ्याकडे."

आईंनी तिला हाताला धरून ओढलं आणि खुर्चीच्या हातावर बसवलं. "येते की. माझ्या खोलीला वाघ लावायचं काम चालू असताना मी काय गेंड्यावर झोपू? आणि मशीन घेऊन येते. तुझे ते पांढरे पडदे बघून मला इस्पितळात आल्यासारखं होतं. त्यांचंही काहीतरी बघू."

'बघू' ऐकून ताईने डोळे पुसले.

नवरा अजून ब्रश धरून भिंतीशी उभा होता. आईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. त्यांना काय कळलं ते कळलं. "कपाटामागचा चौकोन तेवढा तसाच ठेव," त्या म्हणाल्या. "वाघ आजूबाजूला लावा. कपाट परत तिथे सरकवू. तिथे अण्णा राहू देत. त्यांना तरी कुठे मिरवायची हौस होती?"

नवऱ्याने मान हलवली. मी उठून त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि बादलीत ठेवला.

दुपारी धाकट्याने बॅग खाली नेली, नवऱ्याने मशीन. ताई पुढे जाऊन गाडीची मागची सीट पुसत होती. मी दारात आईंची पिशवी धरून उभी होते. भिंगरीला फोन करून झाला होता, वाघ लगेच मिळतील असं ती म्हणाली होती, आणि तरी मी पिशवी सोडत नव्हते.

"आई, परत याल ना?"

त्यांनी चपला घालायला मान खाली घातली आणि कपाळावरून एक बट पुढे आली. मला आत्ता दिसलं. वेणी नव्हती. मान पूर्ण मोकळी होती, कान दिसत होते, कानाची पाळी दिसत होती. सलूनमधून आल्यापासून त्या आमच्यासमोर बसल्या होत्या, ओरडल्या होत्या, हसल्या होत्या, आणि आम्ही भिंतीकडे बघत होतो.

"आई! केस!"

"दिसले का एकदाचे?" आई म्हणाल्या. बट कानामागे सारून त्या जिना उतरायला लागल्या. वळणावर थांबल्या, वर बघून म्हणाल्या, "वाघ पायथ्याच्या भिंतीला लाव, उशाच्या नको. उठल्या उठल्या मला दिसले पाहिजेत."